सभागृह बुडालं त्या साली

चेन्नईला वसंत ऋतू असा नसतोच. मार्गळीतली, म्हणजे तिकडच्या मार्गशीर्षातली, पहाटेची जराशी थंडी ओसरली की सरळ ऊनच तापायला लागतं. तरी विद्यापीठाच्या कागदांवर जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांना वसंत सत्र म्हणतात. त्या सत्रात आवारात जे जे होणार असेल, स्पर्धा, व्याख्यानं, गाणी, निरोप समारंभ, त्या सगळ्याची यादी विद्यार्थी कल्याण विभागातल्या एस. सईबाई करायच्या. सव्वीस वर्षं हे काम त्यांच्याचकडे होतं.

सईबाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या. घरात बोलायची ती तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्यांची मराठी, तीही निम्मी तमिळ मिसळलेली. उंबऱ्याबाहेर सगळा कारभार तमिळमधून. त्यांचं नाव ऑफिसात कुणाला नीट उमगलंच नव्हतं. बाई साईबाबांची भक्त असणार अशा समजुतीनं शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना साई मॅडम म्हणत. सुरुवातीला दोन-तीनदा त्यांनी समजावून सांगितलं, मग नाद सोडून दिला.

काम तसं किचकट. नोव्हेंबरात प्रत्येक विभागाला पत्र जायचं, डिसेंबर लागेपर्यंत उत्तरं यायची, आणि प्रत्येकाला हवं असायचं ते मोठं सभागृह. आठशे खुर्च्या, सागवानी रंगमंच, गार हवा. मग तारखांची ओढाताण, रुसवेफुगवे, प्राध्यापकांचे फोन. सईबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, आवाज न चढवता तारखा इकडच्या तिकडे करायच्या, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यादी सगळ्यांना मेलनं पाठवायच्या. संपूर्ण यादीत त्यांचं स्वतःचं नाव फक्त तळाशी, सहीच्या जागी.

त्या साली डिसेंबरच्या सुरुवातीला वादळ आलं. दोन दिवस पाऊस असा कोसळला, की वेलचेरीतल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात मांडीइतकं पाणी शिरलं. सईबाई आणि त्यांचे यजमान व्यंकटेशराव चार दिवस वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे राहिले. पाणी ओसरल्यावर खाली आले, तर गाद्या, कपाट, देवघराच्या खालचे दोन खण, सगळ्याचा चिखल झालेला. व्यंकटेशरावांनी जॉर्ज टाउनमधल्या कागदाच्या एका घाऊक पेढीत अडतीस वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्ती घेतली होती. माणूस बोलका, हौशी. पण त्या दिवसापासून ते खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे.

सहाव्या दिवशी गाड्या सुरू झाल्यावर सईबाई कामावर गेल्या. तिरुवान्मियूरला उतरून शेअर ऑटोनं आवाराच्या फाटकाशी पोचल्या, आणि आधी सभागृह बघायला गेल्या. सभागृह सखल भागात. तिथं पाच फूट पाणी दोन दिवस साचून राहिलं होतं. रंगमंचाच्या फळ्या फुगून एकमेकींवर चढल्या होत्या, खुर्च्यांच्या गाद्यांना कुबट वास सुटला होता. सभागृहाचे केअरटेकर राममूर्ती भिजलेले मखमली पडदे पायऱ्यांवर पसरून त्यांच्याजवळ बसून होते. सईबाईंना बघून ते उठले, आणि नुसतीच मान हलवून परत बसले.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निर्णय झाला. रजिस्ट्रार चंद्रमौळी यांनी सईबाईंना बोलावून सांगितलं, की सभागृह दुरुस्त व्हायला जुलै उजाडेल. यंदा पदवीदान तेवढं बाहेर कुठेतरी करू, बाकीचे वसंतातले सगळे कार्यक्रम रद्द. तशी सूचना आजच्या आज पाठवा. चंद्रमौळी कडक होते, पण वाईट नव्हते. त्यांच्याही डोक्यावर चार इमारतींची दुरुस्ती येऊन पडली होती.

सईबाई जागेवर आल्या आणि सूचना लिहायला बसल्या. पाच ओळींची सूचना, दहा मिनिटांत लिहून झाली. पण टेबलावर विभागांची पत्रं होती, वादळाच्या आधी आलेली. एकूण एक्केचाळीस. प्राणिशास्त्राला पक्षी मोजायचे होते, भौतिकशास्त्राला गुरू ग्रह दाखवायचा होता, तमिळ विभागाला कविसंमेलन हवं होतं, बुद्धिबळाच्या मंडळाला दोन दिवस. खानावळीच्या कामगारांनी तर पहिल्यांदाच अर्ज केला होता, क्रीडादिनासाठी, पेननं, रेघा मारलेल्या कागदावर. सईबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. घरी एक माणूस खुर्चीत बसून राहिलेला त्या बघत होत्या. आता सगळं आवारच तसं बसणार असं त्यांना वाटलं. सूचना त्यांनी पाठवली नाही. तशीच ठेवून दिली आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सुट्टी असूनही त्या विद्यापीठात गेल्या. कपाटातून जुने अहवाल काढले. प्रत्येक कार्यक्रमानंतर विभागांनी किती माणसं आली ते कळवायचं, असा नियम होता. तो आकडा आजवर कुणी वाचला नव्हता, सईबाईंनी मात्र दर वर्षी नीट लिहून ठेवला होता. दहा वर्षांचे आकडे त्यांनी एकाखाली एक मांडले आणि बघतच राहिल्या. आठशेच्या सभागृहासाठी भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे साठ-सत्तर माणसं येत होती. कुठे चाळीस. एका व्याख्यानाला तर बाहेरगावचे पाहुणे धरून एकोणीस. एक्केचाळीस कार्यक्रमांत सभागृहाची खरी गरज होती ती फक्त पाचांना.

त्या तडक राममूर्तींकडे गेल्या. राममूर्ती पडदे उलटे करून वाळत घालत होते. सईबाईंनी विचारलं, की साठ माणसं सावलीत बसतील अशा जागा आवारात किती असतील. राममूर्तींनी हातातला पडदा खाली ठेवला. तीस वर्षं त्यांनी आवारभर खुर्च्या वाहिल्या होत्या. म्हणाले, "सकाळची सावली पाहिजे का संध्याकाळची, ते आधी सांगा."

मग दोघं दुपारपर्यंत हिंडली. ग्रंथालयासमोरच्या रुंद पायऱ्या. चारनंतर त्यांच्यावर पूर्ण सावली. वनस्पतिशास्त्राच्या मागचं वडाचं झाड, त्याखाली शंभर माणसं सहज. खानावळीचा वरचा मजला, जो जेवणाच्या वेळा सोडून रिकामा. क्रिकेटच्या मैदानाचं पॅव्हिलियन, त्या पाच मोठ्या कार्यक्रमांसाठी. जुन्या प्रयोगशाळेची गच्ची, जिथून आकाश मोकळं दिसतं. फाटकाजवळची सायकली ठेवायची लांब शेड. सईबाई पावलांनी मोजत होत्या, राममूर्ती वीज कुठून घेता येईल ते सांगत होते. प्लास्टिकच्या सहाशे खुर्च्यांपैकी किती शाबूत आहेत, हेही त्यांना पाठ होतं. चारशे दहा. संध्याकाळी सईबाईंच्या वहीत सतरा जागा झाल्या होत्या.

सोमवारी त्यांनी ती वही रजिस्ट्रारांच्या टेबलावर ठेवली. सूचना गेली का, हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही गेली, असं सईबाईंनी सरळ सांगितलं. चंद्रमौळींच्या कपाळाला आठी पडली. सव्वीस वर्षांत या बाईनं सांगितलेलं काम केलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांनी वही उघडली, आकड्यांचं पान बराच वेळ बघितलं, आणि मग एकामागून एक शंका काढायला सुरुवात केली. उघड्यावर वायरी टाकणार, कुणाला शॉक लागला तर? परीक्षा असतील त्या दिवशी आवाज होईल त्याचं काय? प्राध्यापक झाडाखाली बसायला तयार होतील का? सईबाईंकडे प्रत्येकाचं उत्तर लिहून आणलेलं होतं. शेवटी ते म्हणाले, "आणि पाऊस आला तर?"

"फेब्रुवारीत इथं पाऊस येत नाही सर," सईबाई म्हणाल्या. "आलाच, तर त्या एका दिवसाचा कार्यक्रम जाईल. आत्ता आपण सगळेच घालवतोय."

चंद्रमौळींनी वही मिटली. मग त्यांनी फेब्रुवारीअखेरपर्यंतची परवानगी दिली. तक्रारी आल्या तर मार्च-एप्रिलचं सगळं रद्द, हेही बजावून सांगितलं.

पोंगल झाला आणि कार्यक्रम सुरू झाले. पहिली अडचण अशी आली जिचा विचार कुणीच केला नव्हता. लोकांना जागा सापडेनात. सभागृह सगळ्यांना ठाऊक. पण जुन्या प्रयोगशाळेची गच्ची म्हणजे कुठली, हे नव्या मुलांना कसं कळणार? गुरू ग्रह बघायला निघालेली तीस मुलं भलत्याच इमारतीच्या गच्चीवर जाऊन उभी राहिली. बाण दाखवणारे फलक लावायला हवे होते, आणि कॉम्प्युटरवर छापलेले कागद वाऱ्यानं एका दिवसात फाटत होते.

त्या संध्याकाळी सईबाई घरी आल्या त्या हातात पत्र्याचे बारा जुने फलक, काळा रंग आणि दोन कुंचले घेऊन. व्यंकटेशराव खुर्चीत होते. पेढीत असताना बाहेरगावी जाणाऱ्या कागदाच्या गठ्ठ्यांवर पत्ते घालायचे ते हेच. कुंचल्यानं, तमिळ आणि इंग्रजी दोन्हीत. त्यांचं अक्षर बंदरापर्यंत ओळखलं जायचं. सईबाईंनी सगळं सामान त्यांच्यासमोर जमिनीवर मांडलं.

"अहो, एवढं लिहून द्याल की? उद्यां सकाळीं पाहिजे."

"माझा हात अतां चालत नाही," व्यंकटेशराव म्हणाले.

"बरं अहे. मग मीच लिहितें," असं म्हणून सईबाई खाली बसल्या आणि त्यांनी कुंचला रंगात बुडवला.

त्यांनी पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं. तिसऱ्याला रंग ओघळला. व्यंकटेशराव बघत होते. चौथ्या अक्षराला त्यांना राहवलं नाही. खुर्चीतून उठून ते शेजारी येऊन बसले, बायकोच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि म्हणाले, की रंग एवढा पातळ कुणी करतं का. बाराही फलक त्यांनी जेवणाआधी पुरे केले. आठ दिवसांनी त्यांनी स्वतःहून विचारलं, आणखी फलक आहेत का.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मात्र एक गोष्ट फसली, आणि चूक सईबाईंचीच होती. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा त्यांनी सायकलींच्या शेडमध्ये ठेवली होती. शेड फाटकाजवळ, फाटकाबाहेर मोठा रस्ता. जागा मोजली होती शनिवारी दुपारी, तेव्हा रस्ता निवांत होता. स्पर्धेच्या दिवशी सकाळी नऊला बसगाड्यांचे भोंगे असे वाजत होते, की परीक्षकांना एक वाक्य ऐकू येईना. दुसऱ्या महाविद्यालयाची एक मुलगी बोलता बोलता थांबली आणि रडवेली होऊन खाली उतरली. इंग्रजीच्या विभागप्रमुखांनी लेखी तक्रार केली.

चंद्रमौळींनी बोलावलं तेव्हा सईबाईंनी काही सबबी सांगितल्या नाहीत. वेळ आणि वार बघून जागा तपासायला हवी होती, ती तपासली नाही, म्हणाल्या. स्पर्धा पुढच्या गुरुवारी वडाखाली पुन्हा घेता येईल. त्या महाविद्यालयांशी आपण बोललो आहोत आणि ती यायला तयार आहेत, हेही सांगितलं. रजिस्ट्रारांनी तक्रारीचा कागद हातात धरून ठेवला. मग तो फायलीत घातला आणि म्हणाले, की गुरुवारी आपण स्वतः येऊन बघू. गुरुवारी ते आले, मागच्या ओळीत उभे राहिले आणि अर्ध्या तासानं बसायला खुर्ची मागितली. रडवेली झालेली ती मुलगी दुसरी आली.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी एम.ए.च्या वर्गातली संयुक्ता सईबाईंच्या टेबलापाशी आली. संगीत मंडळाची ती सचिव. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मंडळाची हरिकथा होती, आणि कथा सांगणार होती ती स्वतः. काम माइकचं होतं, ते झालं. मग ती घुटमळली. हरिकथेत तंजावरच्या मराठ्यांच्या काळापासून जुन्या चालीची काही मराठी पदं असतात, तिच्या गुरूंनी ती तमिळ अक्षरांत लिहून दिली होती, आणि अर्थ ना गुरूंना नीट ठाऊक होता ना तिला. साई मॅडम मराठी आहेत असं राममूर्तींनी तिला सांगितलं होतं.

सईबाईंनी म्हणून दाखव म्हटलं. संयुक्ताचा गळा गोड होता. देवाला आळवणारं पद होतं, आणि दुसऱ्या ओळीत ती भक्तिभावानं डोळे मिटून म्हणाली, तूच माझा पाप.

सईबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तमिळ लिपीत ब आणि प यांना एकच अक्षर. मुलगी देवाला बाप म्हणायच्या ऐवजी पाप म्हणत होती. हे समजल्यावर संयुक्तानं कपाळावर हात मारून घेतला, कारण गेली दोन वर्षं ती हे पद देवळांतून असंच गात आली होती. मग दोघींनी जेवणाच्या सुट्टीत बसून सगळी पदं घासूनपुसून घेतली. रोज अर्धा तास, दहा दिवस. सईबाई एकेक शब्द सांगायच्या, संयुक्ता तो वहीत खुणा करून लिहायची. 'माउली' या शब्दाचा अर्थ सांगताना सईबाईंना योग्य तमिळ शब्द सापडेना. आई, पण नुसती आई नव्हे. इतकंच त्या म्हणाल्या. संयुक्ता म्हणाली, कळलं.

शेवटच्या दिवशी तिनं सहज विचारलं, की मॅडम येणार ना. सईबाई हो म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी यादीतला एकही संध्याकाळचा कार्यक्रम बसून पाहिला नव्हता. पाच वीसची गाडी चुकवून चालायचंच नाही. घरी मुलगी लहान होती, नंतर सासूबाई अंथरुणाला खिळून अकरा वर्षं होत्या. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी बंगळूरला गेली. कारण उरलं नव्हतं, पण पाच वाजले की हात आपोआप पर्स उचलायचा.

त्या शुक्रवारी पाच वाजले आणि त्या टेबलापाशीच बसून राहिल्या. सहाला व्यंकटेशराव आले, इस्त्रीचा शर्ट घालून. वाटेत आपले फलक बघत बघत आले होते. एक वाकडा लागला होता तो सरळ करून आले. पायऱ्यांवर दीडशे माणसं होती. सईबाईंनी अंदाज केला होता नव्वदचा. राममूर्तींनी आपण होऊन धुतलेल्या मखमली पडद्यांपैकी एक मागे लावला होता. संयुक्ता उभी राहिली, चिपळ्या वाजवल्या, तमिळमधून कथा सुरू झाली. मराठी पद आलं आणि त्या ओळीत बाप हा शब्द स्वच्छ, ठसठशीत उमटला. आजूबाजूच्या लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. व्यंकटेशराव मात्र एकदम ताठ बसले. त्यांचे आजोबा हीच चाल म्हणायचे, हे ते तिथंच कुजबुजत सांगायला लागले, आणि सईबाईंना त्यांना गप्प करावं लागलं. घरी जाताना गाडीत त्यांनी आजोबांच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, की वेलचेरी कधी आलं ते कळलं नाही.

मार्च-एप्रिलची परवानगी सईबाईंनी विचारायच्या आधीच रजिस्ट्रारांनी सही करून पाठवली. एक्केचाळीसपैकी अडतीस कार्यक्रम झाले. दोन विभागांनी झाडाखाली बसायला नकारच दिला, आणि फुलांचं प्रदर्शन उन्हामुळे सोडावं लागलं. खानावळीच्या कामगारांचा क्रीडादिन झाला. रस्सीखेचीत स्वयंपाक्यांनी वाढप्यांना दोनदा ओढलं. पदवीदानसुद्धा शेवटी आवारातच, क्रिकेटच्या मैदानावर झालं, तेही चंद्रमौळींच्याच सूचनेवरून.

जुलैत सभागृह उघडलं. नव्या खुर्च्या, नव्या फळ्या. नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे विभागांना पत्र गेलं आणि या वेळी बावन्न उत्तरं आली. त्यातल्या वीस जणांनी जागेच्या रकान्यात सभागृह लिहिलं नव्हतं. ग्रंथालयाच्या पायऱ्यांसाठी तर सात जण भांडत होते. सईबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, तारखा इकडच्या तिकडे केल्या.

यादी पाठवायच्या आदल्या दिवशी त्या राममूर्तींकडे गेल्या. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार मोकळा ठेवलाय, म्हणाल्या. सफाईवाले, माळी, ड्रायव्हर, कारकून, सगळ्यांची एक संध्याकाळ करू; ज्याला जे येतं ते त्यानं करून दाखवायचं. राममूर्तींना कोवळ्या वयात मृदंग येत होता हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. राममूर्तींनी हात पुढे धरून बोटं उघडमीट करून बघितली, आणि दीड महिना आहे ना, एवढंच विचारलं.

सईबाई जागेवर परतल्या. त्रेपन्नावा कार्यक्रम लिहिला: वार शनिवार, वेळ संध्याकाळी साडेपाच, जागा वडाचं झाड. आयोजकाच्या रकान्यात त्यांनी एस. सईबाई असं टाइप केलं, एकदा वाचून पाहिलं, आणि यादी सगळ्यांना पाठवून दिली.